कढईतील पाणी : कोंबडी तळण्यामागील शास्त्र

वाराणसीच्या जुन्या शहरात दिवसाचा आरंभ कढईपासून होतो. ठठेरी बाजार, चौक आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद गल्ल्यांत सकाळी कचोरी व जिलेबी यांचा घमघमाट सुटलेला असतो. उडदाच्या डाळीचे सारण भरलेली कचोरी तेलात पडते, क्षणभर तळाशी जाते, भोवती बुडबुड्यांचे कडे धरते आणि फुगून वर येते. झाऱ्याने ती उलटली जाते, निथळली जाते आणि द्रोणात पडून लगेच गिऱ्हाइकाच्या हाती जाते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मराठी कुटुंबांनाही ही कचोरी परकी नाही.

याच शहरातील मांसाहारी घरांत एखाद्या सायंकाळी कोंबडी तळण्याचा बेत ठरतो. कढई तशीच, तेलही तेच. परंतु फळ मात्र अनिश्चित. कधी वरचे आवरण काळपट होते आणि हाडाजवळ मांस कच्चे राहते. कधी ते आतपर्यंत शिजते, पण लाकडासारखे कोरडे होते. कधी आवरण तेलाने थबथबते आणि पहिल्या घासालाच गळून पडते. कचोरीवाल्याला रोज शेकडो वेळा जे साधते ते घरच्या कढईत एकदाही का साधू नये, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

उत्तर मसाल्यात नाही. ते पाण्यात आहे. कचोरी पातळ असते. तिचे बाहेरचे वाळणे आणि आतले शिजणे ही दोन्ही कामे जवळजवळ एकाच वेळी पुरी होतात. कोंबडीचा तुकडा जाड असतो आणि त्याच्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणी असतो. आवरण कुरकुरीत व्हावयाचे तर त्यातील पाणी गेले पाहिजे. मांस मऊ राहावयाचे तर त्यातील पाणी राहिले पाहिजे. एकाच तुकड्यात, एकाच कढईत, अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर या दोन परस्परविरोधी गोष्टी घडवून आणणे, हीच कोंबडी तळण्याची खरी कला होय. या कलेला आधारभूत असलेले नियम समजले म्हणजे ती कोणालाही हस्तगत करता येते.

तळणे म्हणजे वाळविणे

तळणे म्हणजे तेलात शिजविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तळणे ही वाळविण्याचीच एक अतिशय जलद रीत आहे. तेल हे येथे केवळ उष्णतेचे वाहन असते. समुद्रसपाटीच्या जवळपास पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळते. वाराणसी समुद्रसपाटीपासून केवळ ८० मीटरांच्या आसपास उंच असल्यामुळे तेथे हा उत्कलनबिंदू फारसा खाली येत नाही. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी तो ९५ ते ९६ अंशांवर येतो. तेल मात्र १७० किंवा १८० अंशांपर्यंत तापले तरी उकळत नाही. अशा तेलात ओलसर पदार्थ टाकला की त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याची तत्काळ वाफ होते. कढईत उसळणारे बुडबुडे हे तेलाचे उकळणे नसून पदार्थातील पाण्याचे बाहेर पडणे असते.

ही वाफ दोन कामे करते. ती बाहेरच्या दिशेने सतत वाहत असल्यामुळे तेलाला आत शिरू देत नाही. शिवाय बाष्पीभवनासाठी पुष्कळ उष्णता लागत असल्यामुळे, जोवर एखाद्या थरात पाणी शिल्लक आहे, तोवर त्या थराचे उष्णतामान १०० अंशांच्या वर चढत नाही. पाणी संपलेला बाहेरचा थर तेवढा याहून अधिक तापतो, सोनेरी होतो आणि कडक बनतो. म्हणजे चांगल्या तळलेल्या तुकड्यात दोन प्रदेश असतात : बाहेर कोरडा, शंभर अंशांहून अधिक तापलेला पातळ थर, आणि आत ओला, शंभरच्या खालीच राहिलेला गाभा.

चकल्या तळणाऱ्या जाणत्या स्त्रिया बुडबुडे कमी झाले की चकली झाली असे ओळखतात. या अनुभवामागे हेच शास्त्र आहे. बुडबुडे शमणे याचा अर्थ पदार्थातील पाणी संपत आले, असा होतो. चकलीच्या बाबतीत ती पूर्णतेची खूण आहे. कोंबडीच्या बाबतीत मात्र बुडबुडे पूर्णपणे थांबेपर्यंत वाट पाहणे म्हणजे आतले मांसही वाळवून टाकणे होय. बुडबुड्यांचा जोर ओसरला, पण ते थांबले नाहीत, हाच कोंबडी काढण्याचा काळ होय.

मांस मऊ कशाने राहते

मांस हे लांब, बारीक तंतूंच्या जुड्यांचे बनलेले असते. या तंतूंत मायोसिन व ॲक्टिन ही प्रथिने असतात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी धरून ठेवलेले असते. तंतूंच्या जुड्यांभोवती कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे वेष्टन असते. उष्णता लागताच या सर्व प्रथिनांची रचना बदलू लागते. सुमारे ५० अंशांपासून मायोसिन गोठू लागते. ६० अंशांच्या पुढे कोलॅजेन आकुंचन पावून तंतूंना पिळते. त्याहून अधिक उष्णतामानाला ॲक्टिनही गोठते आणि ओला पंचा पिळावा त्याप्रमाणे मांसातून पाणी बाहेर लोटले जाते.

कोलॅजेनचा दुसराही एक गुण आहे. ओलाव्यात व ७० अंशांहून अधिक उष्णतेत काही काळ राहिल्यास ते विरघळून मऊ जिलेटिन बनते. छातीच्या मांसात कोलॅजेन कमी असते. म्हणून ते ७४ अंशांच्या फार पलीकडे गेल्यास कोरडे पडते, आणि त्याची भरपाई करणारे जिलेटिनही तेथे नसते. तंगडी व मांडी यांत कोलॅजेन अधिक असल्यामुळे ती ८० अंशांच्या आसपास नेली तर उलट अधिक मऊ लागतात. यावरून हे उघड आहे की, छातीचे आणि तंगडीचे तुकडे एकाच वेळी कढईत टाकून एकाच वेळी काढणे हे चुकीचे आहे.

पक्ष्याचे वयही महत्त्वाचे असते. बाजारात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी साधारणतः सहा आठवड्यांच्या सुमारास कापली जाते. तिचे कोलॅजेन कोवळे असते. अंगणात वाढलेली गावठी कोंबडी पुष्कळ मोठी झाल्यावर कापली जाते आणि वयाबरोबर कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट जखडले जातात. उत्तर प्रदेशातच, बरेलीजवळ इज्जतनगर येथे, १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने अंगणात पाळण्याजोगे ‘कारी निर्भीक’, ‘कारी श्यामा’ यांसारखे वाण तयार केले आहेत. अशा पक्ष्यांचे मांस चवीस उत्तम असते. परंतु वयाने वाढलेला पक्षी सरळ कढईत टाकण्यासारखा नसतो. तो प्रथम मिठाच्या पाण्यात मंद आचेवर मऊ शिजवून, निथळून, मगच आवरण लावून थोडा वेळ तळावा.

मीठ, दही आणि पपई

तळण्यापूर्वी मांस मुरवत ठेवण्याची प्रथा सर्वत्र आहे. या मुरवणात खरे काम मीठ करते. मिठामुळे तंतूंतील प्रथिने अंशतः विरघळतात, फुगतात आणि अधिक पाणी धरून ठेवू शकतात. मांसातील प्रथिने पाणी कसे धरतात याविषयी रायनर हॅम या जर्मन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला सविस्तर आढावा या विषयात मूलभूत मानला जातो. एक किलोग्रॅम मांसाला १५ ग्रॅम मीठ पुरेसे होते. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. मीठ लावून अर्ध्या तासात तळल्यास ते पृष्ठभागावरच राहते. आत उतरण्यास त्याला कित्येक तास लागतात.

दही सौम्य आम्ल असते. ते तंतूंना थोडे सैल करते, मसाला तुकड्यांना चिकटवून ठेवते आणि त्यातील शर्करा व प्रथिने पुढे आवरणाला रंग देतात. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांचे आम्ल तीव्र असते. त्यात मांस फार वेळ ठेवल्यास पृष्ठभागाची प्रथिने शिजल्यासारखी गोठतात आणि मांस भुसभुशीत होते. दही या बाबतीत अधिक क्षमाशील आहे.

उत्तर प्रदेशात कबाबांसाठी कच्ची पपई वाटून लावतात. पपईतील पपेन हे वितंचक प्रथिनांचे तुकडे करते. ते थंड मांसात सावकाश काम करते आणि ६० ते ७० अंशांच्या दरम्यान फार जोराने करते. म्हणून तिचे प्रमाण किंचित जरी वाढले तरी तळताना बाहेरचा थर लगद्यासारखा होतो. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीला पपईची मुळीच गरज नसते.

आवरणाचे घटक

उघड्या मांसावर कुरकुरीतपणा येणे कठीण असते. म्हणून पिठाचे आवरण द्यावे लागते. आवरण मांसाचे संरक्षणही करते. वाळण्याचे काम ते स्वतःवर घेते आणि आतील पाणी वाचविते.

प्रत्येक पिठाचा गुण निराळा असतो. मैद्यात ग्लुटेन असते. ते आवरणाला एकसंध ठेवते, पण एकट्याने ते चिवट होते. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसते. त्याचा स्टार्च तळल्यावर कडक व ठिसूळ होतो. कांदाभजीच्या पिठात चमचाभर तांदळाचे पीठ घालण्याची महाराष्ट्रातील रीत याच कारणाने योग्य ठरते. बेसनात प्रथिने अधिक असतात. ते खमंग लागते, परंतु लवकर काळवंडते. तिन्हींचा मेळ घातल्यास उत्तम : दोन भाग मैदा, एक भाग तांदळाचे पीठ आणि अर्धा भाग बेसन. त्यात अर्धा चमचा बेकिंग पावडर घातल्यास कर्बवायूचे बारीक बुडबुडे आवरणाला हलके करतात.

सोनेरी रंग व खमंग वास हे प्रथिनांतील ॲमिनो आम्ले आणि शर्करा यांच्या परस्परक्रियेतून निर्माण होतात. १९१२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने ही क्रिया प्रथम वर्णन केली आणि तिला त्याचेच नाव मिळाले. ती कोरड्या पृष्ठभागावर व शंभर अंशांच्या बऱ्याच वर जोराने चालते. उकडलेली कोंबडी फिकट राहते आणि तळलेली सोनेरी होते याचे कारण हेच. रंग सोनेरीच्या पुढे जाऊ देऊ नये. स्टार्चयुक्त पदार्थ फार करपविले असता त्यांत ॲक्रिलअमाइड नावाचे अनिष्ट द्रव्य वाढते, असे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधनातून उघडकीस आले आहे.

तेलाचे उष्णतामान : थोडे गणित

घरच्या कढईत बहुतेक अपयश येते ते एकाच कारणाने : एका वेळी फार तुकडे टाकल्यामुळे. हे साध्या गणिताने पटण्यासारखे आहे.

कढईत १ किलोग्रॅम तेल १७५ अंशांपर्यंत तापविले आहे, असे समजू. तेलाची विशिष्ट उष्णता सुमारे ०.५ असल्यामुळे ते एक अंशाने निवताना ५०० कॅलरी उष्णता देते. मांसाची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८ आहे. १० अंशांवरचे ५०० ग्रॅम मांस तेलात टाकले, तर ते एक अंशाने तापण्यास ४०० कॅलरी लागतात. खालच्या ज्योतीचा हिशेब सोडला, तर दोहोंचे समान उष्णतामान १०२ अंशांच्या आसपास येते. याचा अर्थ तळण्याऐवजी उकडणे सुरू होते. त्याऐवजी २०० ग्रॅमच मांस टाकले, तर हेच उष्णतामान १३५ अंशांच्या जवळ राहते. प्रत्यक्षात मांस सावकाश तापते आणि ज्योत तूट भरून काढीत असते, त्यामुळे तेल इतके निवत नाही. परंतु घसरणीची दिशा यावरून स्पष्ट होते.

याखेरीज बाष्पीभवनाचा खर्च वेगळाच. १ ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. तुकड्यांतून १०० ग्रॅम पाणी निघून गेले तर ५४,००० कॅलरी खर्च होतात. ज्योत नसती तर एवढ्या खर्चाने १ किलोग्रॅम तेल १०८ अंशांनी निवले असते. घरगुती शेगडीची ज्योत हलवायाच्या भट्टीइतकी प्रखर नसते. म्हणून घरी तेल अधिक व तुकडे थोडे, हाच नियम पाळावा लागतो.

तेल थंड पडले की वाफेचा जोर कमी होतो, आवरण बांधले जाण्यास वेळ लागतो आणि ते ओले, सैल व तेलकट होते. याउलट तेल फार तापलेले असल्यास आवरण दोन-तीन मिनिटांत काळे पडते, पण उष्णता हाडापर्यंत पोहोचत नाही. मांसातून उष्णता मंद गतीने प्रवास करते. तुकड्याची जाडी दुप्पट झाली तर गाभा तापण्यास दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो. कढईची आच वाढवून ही गती फारशी वाढत नाही. तुकडे लहान व सारखे कापणे हाच त्यावरील उपाय होय.

मोहरीचे तेल

वाराणसीच्या घरांत तळणीसाठी मोहरीचे तेल विशेष वापरले जाते. त्याचा झणका ॲलिल आयसोथायोसायनेट या द्रव्यामुळे असतो. या द्रव्याचा उत्कलनबिंदू १५० अंशांच्या सुमारास असल्यामुळे तेल चांगले तापले की ते वाफेबरोबर उडून जाते. धूर निघेपर्यंत तेल तापवून मग किंचित निववण्याची जुनी चाल आहे. परंतु मोहरीचे तेल सुमारे २५० अंशांच्या जवळ धुरावते आणि तेवढ्या उष्णतेत तेलाचे विघटन सुरू होते. धुराची पहिली पुसट रेषा दिसताच आच बंद करणे इष्ट. दाट धूर काढण्याने काहीही साधत नाही. झणका नको असल्यास शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे शुद्ध केलेले तेलही चांगले काम देते.

प्रत्यक्ष कृती

एक किलोग्रॅम कोंबडीचे दहा-बारा सारखे तुकडे करावेत. १५ ग्रॅम मीठ, पाव किलो घट्ट दही, आले-लसणाचे वाटण, लाल तिखट व मिरपूड यांत ते कालवून, झाकून, शीतकपाटात सहा ते बारा तास ठेवावेत.

वर सांगितलेल्या प्रमाणात पिठे एकत्र करून त्यांत चवीपुरते मीठ घालावे. मुरवणातील दोन चमचे दही या कोरड्या पिठात शिंपडून बोटांनी चोळावे. त्यामुळे लहान-लहान गोळ्या तयार होतात आणि तळल्यावर त्यांचेच खवले होतात. तुकडा निथळून पिठात घोळावा, दाबावा, जादा पीठ झटकावे आणि जाळीवर पंधरा मिनिटे ठेवावा. तेवढ्या वेळात पीठ ओलावा शोषून घेऊन मांसाला धरते. ही विश्रांती टाळली तर आवरण कढईत सुटते.

कढई तेलाने निम्म्याहून अधिक भरू नये. तेल १७५ अंशांवर आणावे. उष्णतामापक असल्यास उत्तम. नसल्यास पिठाचा थेंब टाकून पाहावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, लगेच वर येऊन क्षणात काळा पडला तर फार तापले आहे. तो बुडबुड्यांसह वर येऊन सावकाश सोनेरी व्हावयास हवा. एका वेळी तीन किंवा चार तुकडे सोडावेत आणि नंतर आच अशी ठेवावी की तेल १६० ते १६५ अंशांवर टिकेल. पहिली दोन मिनिटे तुकडे हलवू नयेत. छातीच्या तुकड्यांना सुमारे ८ ते १० मिनिटे, तंगड्यांना १२ ते १५ मिनिटे लागतात.

सर्व तुकडे तळून झाल्यावर तेल १८५ अंशांवर आणून त्यांना पुन्हा एक-दोन मिनिटे तळावे. पहिल्या तळणीनंतर मधल्या काळात गाभ्यातील ओलावा आवरणात येऊन ते नरम पडलेले असते. दुसऱ्या तळणीत तो उडून जातो आणि गाभा मात्र फारसा तापत नाही.

कढईबाहेर काय घडते

पदार्थ तेल पितो तो मुख्यतः तळताना नव्हे, तर कढईबाहेर काढल्यावर. तळताना बाहेर येणारी वाफ तेलाला रोखून धरते. पदार्थ बाहेर काढताच आवरणाच्या छिद्रांतील वाफ निवून तिचे पाणी होते, तेथे दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणून तुकडा काढताच, तो कढत असतानाच, झारा झटकून तेल निथळावे. ताटात एकावर एक तुकडे रचणे किंवा त्यांवर झाकण घालणे ही दुसरी चूक होय. वाफेला वाट मिळाली नाही की ती आवरणातच मुरते. तुकडे जाळीवर सुटे ठेवावेत.

कोरडे, तळलेले आवरण एका अर्थी काचेसारखे असते : कडक आणि आवाज करून तुटणारे. त्यात थोडे जरी पाणी शिरले तरी त्याची ही काचसदृश अवस्था नाहीशी होते आणि ते चामड्यासारखे होते. पावसाळ्यात गंगेकाठची हवा ओलाव्याने भरलेली असताना हे फार लवकर घडते. कचोरीवाला कचोरी कढईतून थेट द्रोणात देतो. कोंबडीलाही हाच न्याय लागू आहे. तळण आणि जेवण यांत फार अंतर ठेवू नये.

आरोग्य आणि सुरक्षितता

कच्च्या कोंबडीच्या मांसावर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे रोगकारक सूक्ष्मजंतू असू शकतात. आतील सर्वांत जाड भाग ७४ अंशांपर्यंत तापला म्हणजे ते नष्ट होतात. रंगावर विसंबू नये. कोवळ्या पक्ष्याच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही मगजातील रंगद्रव्यामुळे लाली राहू शकते. उलट लाली गेलेले मांसही पुरेसे तापलेले असेलच असे नाही. टोकदार उष्णतामापक हाच खात्रीचा साक्षीदार होय.

कच्चे मांस नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर व भाजीपाल्यावर पसरतात. मांसाचा विळा, पाट आणि हात साबणाने धुतल्यावाचून दुसऱ्या कशालाही लावू नयेत. मे-जूनमध्ये वाराणसीत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत मांस, कच्चे असो वा शिजलेले, तासाभराहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये.

अमेरिकेत हार्लंड सँडर्स याने १९३९ मध्ये दाबाच्या भांड्यात कोंबडी तळण्याची रीत सुरू केली. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, ओलावा कमी उडतो आणि मांस लवकर शिजते. परंतु त्यासाठी पुढे खास यंत्रे बनविण्यात आली. घरातील प्रेशर कुकर पाण्याच्या वाफेसाठी बनविलेला असतो. त्याचे रबरी कडे व झडप उकळत्या तेलासाठी नसतात. त्यात तेल भरून झाकण लावून तळणे हे जिवावर बेतू शकते. ते कधीही करू नये.

तेलाने पेट घेतल्यास पाणी ओतू नये. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट होते आणि ती वाफ पेटलेले तेल चहूकडे उडविते. शेगडी बंद करून कढईवर घट्ट बसणारे झाकण किंवा परात सरकवावी व ती पूर्ण थंड होईपर्यंत उचलू नये. झाकण हाताशी ठेवूनच तळण्यास बसावे.

उरलेले तेल

तळताना तेलावर पाणी, हवा आणि उष्णता या तिघांचा मारा होतो. पाण्याने त्याचे रेणू फुटून स्निग्धाम्ले सुटी होतात, हवेने त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि उष्णतेने काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट व चिकट होते. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली आहे. त्याहून अधिक बिघडलेले तेल वापरण्यास मनाई आहे. घरी मोजमापाची साधने नसतात, पण खुणा असतात : तेल गडद होणे, फेस धरणे, चिकट होणे आणि पूर्वीपेक्षा लवकर धुरावणे. यांपैकी कोणतीही खूण दिसताच ते तेल टाकून द्यावे. चांगले असलेले तेल निवल्यावर फडक्याने गाळून, बंद डब्यात, अंधारात ठेवावे आणि लवकर संपवावे. पिठाचे कण त्यात राहिले तर पुढच्या वेळी तेच प्रथम करपतात. टाकावयाचे तेल मोरीत ओतू नये. ते नळ्यांत थिजते आणि शेवटी नदीलाच जाऊन मिळते.

मीठ आणि वेळ यांनी गाभ्यातील पाणी राखावे, तेलाच्या स्थिर उष्णतेने आवरणातील पाणी घालवावे आणि घालविलेले पाणी परत येऊ देऊ नये, एवढीच ही विद्या आहे. ठठेरी बाजारातील कचोरीवाला उष्णतामापक वापरीत नाही. बुडबुड्यांचा आवाज ऐकून तो आच वाढवितो किंवा उतरवितो. तो आवाज पाण्याचा असतो, हे ज्याला उमगले त्याला घरच्या कढईपुढेही चाचपडावे लागणार नाही.